एकच गंज, तीन ताटं

माझ्या प्रबंधाच्या पाहणीतलं पहिलं घर माझ्या माहेरच्या गल्लीतलंच होतं आणि तो प्रश्न मला सगळ्यांत सोपा वाटला होता. "काकू, आठवड्यातून किती दिवस व्यायाम करता?"

काकू नुकत्याच वावरातून आल्या होत्या. डोक्यावरचा काड्यांचा भारा त्यांनी भिंतीशी टाकला आणि कमरेची ओटी सोडून झटकली. केसांत कापसाचे तंतू अडकले होते. "कायचा व्यायाम वं बाई! मी काईच नाई करत. सकाऊन वावरात जातो, सांजच्याले घरी येतो, बस."

मी रकान्यात 'नाही' लिहिलं. पुढचा प्रश्न खेळाचा होता, तिथंही 'नाही'. रात्री तो कागद पुन्हा वाचला आणि मला झोप येईना. दिवसभर वाकून कापूस वेचलेली, वावरापर्यंत जाऊन-येऊन पाच किलोमीटर चाललेली, येताना सरपण आणलेली आणि आल्याबरोबर चुलीला लागलेली बाई माझ्या कागदावर बसून राहणारी ठरली होती.

गृहविज्ञानात एम.एस्सी. करताना दुसऱ्या वर्षी प्रबंध करावा लागतो. लग्नानंतर सहा वर्षांनी मी पुन्हा शिकायला लागले होते आणि विषय माझ्या गावातला असावा असा माझा हट्ट होता. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर, थोडा ओलीताचा हरभरा. विषय ठरला तो असा: एकाच घरात राहणाऱ्या तीन वयोगटांचा आहार आणि शारीरिक हालचाल. १३ ते १८ वर्षांची मुलं-मुली, ३० ते ४५ ची कर्ती माणसं आणि साठीच्या पुढचे म्हातारे. तिन्ही वयाची माणसं असलेली ३६ घरं मी निवडली. मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली होती, 'घर एकच हवं'. वेगवेगळ्या घरांतली माणसं घेतली तर फरक वयाचा की परिस्थितीचा हे कळत नाही. एका चुलीवरचं, एका गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, अन्न तीन वयांच्या ताटात कसं पडतं, ते बघायचं होतं. ही अट किती मोलाची होती ते मला फार उशिरा समजलं.

नैतिक समितीची परवानगी, संमतीपत्रं, अठराच्या आतल्या मुलांसाठी आईवडिलांची सही आणि मुलांची स्वतःची हो-ना, यात दोन महिने गेले. ते लांबवत नाही. २०२४ च्या कार्तिकात मी वजनकाटा, टेप आणि फॉर्मांची थप्पी घेऊन माहेरी आले.

पहिली अडचण वयाचीच निघाली. म्हाताऱ्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख बघावी तर बहुतेकांची १ जानेवारी. कार्ड काढताना कुणीतरी अंदाजे साल टाकलेलं. मग मी दुसरी वाट धरली. "तुकडोजी महाराज गेले तेव्हा तुम्ही केवढ्या होत्या?" महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. त्यांच्या आश्रमाची मोझरी आमच्यापासून लांब नाही आणि आमच्या भागात तो दिवस कुणी विसरत नाही. एक आजी म्हणाली, "मले ढोरं राखाले धाडत होते तवा. मोझरीले चाल्लेल्या बैलबंड्या म्या पाह्यल्या." म्हणजे दहा-बारा वर्षांची. दुसरी खूण विनोबांची, १५ नोव्हेंबर १९८२. "विनोबा गेले तवा माहा मोठा पोरगा रांगत होता." या दोन खुणांत बहुतेकांची वयं बसली. कार्डावर ७५ असलेली एक आजी हिशेबानं ६८ ची निघाली.

आहार नोंदवायची पद्धत म्हणजे '२४ तासांची आठवण'. काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय खाल्लं-प्यायलं ते माणसाकडून क्रमानं वदवून घ्यायचं आणि प्रत्येक जिन्नस वाटी-चमच्याच्या मापात लिहायचा. मग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांवरून त्यातली ऊर्जा, प्रथिनं, लोह काढायचं. कॉलेजनं मला ठरावीक मापांच्या वाट्यांचा एक संच दिला होता. तो पहिल्याच दिवशी पिशवीत परत गेला. आमच्याकडे वाटी म्हणजे कुणाची लग्नातली पितळी, कुणाची बचत गटाच्या कार्यक्रमात मिळालेली स्टीलची, तर कुणाकडे वाटीच नाही, ताटाच्या कडेलाच भाजी वाढतात. पाणी गडव्यानं, ताक गिलासानं. मी प्रत्येक घरातल्या वाटीत पाणी भरून ते मोजलं. चार घरांत चार मापं निघाली, आणि सगळ्यात मोठी वाटी सगळ्यात लहान वाटीच्या जवळपास दुप्पट होती.

भाकरीचं तर विचारूच नका. 'एक भाकर' असं कुणी सांगितलं की मी विचारायचे, कुणाच्या हातची? सासूच्या हातची भाकर जाड, सुनेची पातळ. मी कोपरात, म्हणजे परातीत, मळलेल्या पिठाचे गोळे वजनकाट्यावर ठेवायला लागले तेव्हा बायका आधी बुजल्या, मग त्यांनाच गंमत वाटायला लागली. "थांब, माहा गोया बी ठेव, पाहू कोणाचा भारी हाय." एका घरी सासू-सुनेनं ओळीनं पाच-पाच गोळे टाकले. सासूचे पाचही गोळे दोन-तीन ग्रॅमच्या फरकात आले. इतक्या वर्षांचा तो हात. शेवटी 'चतकोर', 'अर्धी', 'कुटका' हीच मापं मी प्रबंधात ठेवली आणि प्रत्येक घराचं वजन परिशिष्टात दिलं.

पहिल्या आठवड्यात माझी सहा घरं वाया गेली. कार्तिकी एकादशी मधे आली आणि 'काल' म्हणजे उपासाचा दिवस निघाला. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी. तो दिवस वर्षभराचं जेवण सांगत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशीही तसंच, त्या दिवशी घरात भाजी ताजी, कधी अंडी, कधी मटण. मग मी कॅलेंडरवर एकादशी, चतुर्थी, गुरुवार आणि बाजाराचे दिवस लाल शाईनं खुणावले आणि प्रत्येकाचे तीन दिवस घ्यायचं ठरवलं: दोन साधे, एक बाजाराचा.

आता एका रात्रीबद्दल सांगते, कारण माझं सगळं काम तिथून बदललं.

एका घरातल्या वहिनीनं मला आठवून सांगितलं होतं, रात्री दोन भाकरी, वांग्याची भाजी, वरण. घरात सहा माणसं. सगळ्यांची नावं सांगताना तिनं प्रत्येकाचं खाणं नीट सांगितलं, पोरीनं अर्धीच भाकर खाल्ली हेसुद्धा. स्वतःचं मात्र एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, सांजच्या वेळी एकदा बसून बघावं. तिची परवानगी घेतली आणि रात्री आठला चुलीजवळ पाट घेऊन बसले.

आधी आजोबा जेवले. मग पोरगा आणि पोरगी. मग दादा, वहिनीचा नवरा. मग सासू. प्रत्येक ताट वाढलं की मी वजन घ्यायची, उठलं की उरलेलं पुन्हा मोजायची. दहाला पाच मिनिटं कमी असताना वहिनीनं गंज स्वतःकडे ओढला. वांग्याची फोड एकही उरली नव्हती, तळाला तेलकट रस्सा होता. वरणाचं भांडं पोरानं पुसून घेतलेलं. टोपल्यात रात्रीची एक भाकर आणि सकाळची अर्धी वाळलेली. तिनं अर्धी भाकर गंजात फिरवून रस्सा पुसून घेतला, एक हिरवी मिरची तव्यावर भाजली, मीठ लावलं आणि जेवली. एकूण दीड भाकर. वरण शून्य.

"वयनी, काल वरण सांगितलं तुम्ही."

"होतं ना वरण. केलतं म्या."

तिनं खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या मनात जेवण म्हणजे तिनं केलेलं जेवण. काय रांधलं ते तिला नीट आठवत होतं, काय खाल्लं ते आठवायची सवयच नव्हती. आणि मी ते वरण तिच्या नावावर लिहून तिला प्रथिनं देऊन मोकळी झाले होते. चुलीपाशी बसून मला रडू यायला लागलं, ते धुरानं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी आधीची अकरा घरं पुन्हा केली. प्रश्नाची भाषा बदलली. "काल काय खाल्लं" ऐवजी "तुम्ही जेवायला बसल्या तेव्हा गंजात काय उरलं होतं?" हा प्रश्न कुठल्याच छापील नमुन्यात नाही. पण उत्तरं बदलली. बायका थांबायला लागल्या, वर छताकडे बघून आठवायला लागल्या. एकीनं सांगितलं, "उरलंच नोतं. मंग म्या चून टाकलं उलसक." चून म्हणजे आमच्याकडे बेसनाचं पिठलं. एकीनं नुसतंच मान हलवून 'नाई' म्हटलं.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत ५५ किलो वजनाच्या बाईला बैठ्या कामासाठी दिवसाला १,६६० किलोकॅलरी, मध्यम कामासाठी २,१३० आणि जड कामासाठी २,७२० लागतात असं दिलं आहे. कापूस वेचणारी, पाणी भरणारी, सरपण आणणारी बाई कुठल्या रांगेत बसते हे सांगायला तक्ता लागत नाही. त्या दिवसाचं वहिनीचं तीन वेळांचं खाणं मिळून पहिल्या रांगेपाशीही पोचत नव्हतं. गावाचे सरासरी आकडे मी इथं देत नाही. ३६ घरं, एक गाव, एक मोसम. त्यातून जिल्ह्याबद्दल काही म्हणणं बरोबर होणार नाही. पण त्या एका गंजाबद्दल मी खात्रीनं बोलू शकते.

सासूचं ताट वेगळ्या कारणानं रिकामं होतं. दात गेलेले, कवळी बसवलेली नाही. भाकर चावत नाही म्हणून ती कुस्करून वरणाच्या पाण्यात भिजवून खायची, तीही पाऊणच. सकाळी चहात पोळी बुडवून. रात्री पाणी तर जवळजवळ पीतच नव्हती. मला वाटलं भूक मंदावली असेल. दोन-तीनदा विचारल्यावर हळूच म्हणाली, "जास्ती खाल्लं-पेलं तर रातच्याले उठा लागते. संडास अंगनाच्या पल्ल्याड, अंधारात पाय घसरते." हे कारण पुढे मला आणखी म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं, काहींनी तर सून आत गेल्यावरच. वय झालं की भूक कमी होते असं पुस्तकात वाचलेलं. इथं भूक होती, वाटेवर दिवा नव्हता.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना माझा सगळ्यात जास्त वेळ जायचा, कारण त्यांना कालचं सांगायचं नसायचं, पन्नास वर्षांपूर्वीचं सांगायचं असायचं. ज्वारीच्या कण्या ताकात, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, तिळाची चटणी, मृग लागला की धुऱ्यावरचा, म्हणजे वावराच्या बांधावरचा, तरोटा, उन्हाळ्यात चिवळ. गव्हाची पोळी सणाला. "पोई म्हंजे पाव्हना आला तरच," एक आजोबा म्हणाले. १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी, तिचा वास, ती खाऊन पोट दुखायचं, हेही त्यांना आठवतं. आजचं ताट त्यांच्याच घरात उलटं झालंय. रेशनचा गहू आणि तांदूळ रोजचा, भाकर आठवड्यातून दोन-तीनदा आणि तीही विकत आणलेल्या ज्वारीची.

ज्वारी का गेली हे मी प्रत्येक घरी विचारलं. लोक आळशी झाले असं एकानंही म्हटलं नाही. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात. गावात एकट्यानंच ज्वारी पेरली तर परिसरातले सगळे पक्षी त्याच्याच कणसावर. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा देतं. बैल कमी झाले म्हणून कडब्याची गरज उरली नाही. आणि रेशनवर धान्य मिळतंच, २०२३ पासून तर मोफत. अंत्योदयच्या कुटुंबाला महिन्याला ३५ किलो. हे धान्य आहे म्हणून आमच्या गावातली काही घरं उपाशी झोपत नाहीत, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्याला नावं ठेवणार नाही. पण १०० ग्रॅम ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम आणि पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमच्याही आत. साखरेचा त्रास सुरू झालेल्या, वजन वाढलेल्या पंचेचाळिशीच्या माणसांच्या ताटात दोन्ही वेळा भाताचा डोंगर बघितला की मला हा आकडा आठवायचा.

मुलांकडे वळते. एका घरातली दोन भावंडं माझ्या डोक्यातून जात नाहीत. भाऊ सातवीत, बहीण दहावीत. भाऊ गावातल्याच शाळेत. दुपारी शाळेत खिचडी, कधी मटकीची उसळ-भात. सहावी ते आठवीच्या मुलाला त्या जेवणातून ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. त्यातलं किती पडतं ते दिवसादिवसावर आहे, पण दुपारी गरम काहीतरी पोटात जातं. बहीण आठवीपर्यंत तेच जेवायची. नववीत गेली आणि ते ताट बंद झालं. नियमच आठवीपर्यंतचा. शाळकरी मुलींसाठीची मानव विकासची निळी बस सकाळी साडेनऊला येते. सकाळी उठून भांडी, झाडलोट, पाणी. आईला सात वाजता वावरात निघायचं असतं म्हणून चहा आणि दोन टोस्ट खाऊन पोरगी निघते. डब्यात पोळी-भाजी असते, तो डबा कितीदा तसाच परत येतो ते तिनं मला आईसमोर सांगितलं नाही, बस थांब्यावर सांगितलं. भाजीला जळालेल्या तेलाचा वास येतो म्हणून वर्गात हसतात, असं म्हणाली. दुपारी पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट. साडेपाचला घरी आल्यावर भूक लागलेली असते, तेव्हा पुन्हा पाकीट. ज्या वयात पाळी सुरू होऊन लोह जास्त लागतं, उंची वाढत असते, नेमकं त्याच वयात तिच्या दिवसातलं एक जेवण गेलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. तो आकडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. आता तो म्हटला की मला बस थांबा दिसतो.

त्याच गल्लीत एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पोरांचा घोळका धावतो. १,६०० मीटर, १०० मीटर, मग शाळेच्या मैदानावर गोळाफेक. त्याला घरात भिजवलेला हरभरा, शेंगदाणे, बाजारातून आणलेली अंडी मिळायची. त्याची धाकटी बहीण १६ वर्षांची. अंडी उकडून ती द्यायची. मी तिला विचारलं, तू खातेस का? "मी कुठं धावतो?" ती म्हणाली. तिच्या फॉर्मवर खेळ, व्यायाम दोन्ही रिकामं. आठवीपर्यंत ती शाळेच्या कबड्डी संघात होती. घरात कुणी तिला 'खाऊ नको' म्हटलेलं नव्हतं, आईबापाचा जीव आहे तिच्यावर. फक्त खाण्याला काहीतरी कारण लागतं अशी समजूत सगळ्यांच्या मनात बसलेली आणि तिच्याकडे ते कारण नव्हतं.

आता हालचालीच्या मोजणीकडे येते, जिथं पहिल्या दिवशी मी अडले होते. जागतिक आरोग्य संघटनेची एक प्रश्नावली आहे. तिच्यात काम, ये-जा आणि मोकळ्या वेळातली हालचाल असे तीन भाग असतात. मी माझ्या सोयीनं व्यायामाचा भाग आधी आणला होता, तिथंच घोळ झाला. क्रम पूर्ववत केला. मग दुसरीच अडचण. मध्यम कामाचा एक मिनिट म्हणजे चार एकक, जड कामाचा आठ, आणि आठवड्याला ६०० एककं झाली की माणूस पुरेसा हालता. कापूस वेचणं मध्यम धरलं तरी अडीच तासांत ६०० पूर्ण होतात. म्हणजे वेचणीच्या पहिल्याच दिवशी दुपारच्या भाकरीआधी बाईचा आठवड्याचा हिशेब पुरा. ३० ते ४५ च्या गटातल्या वावरात जाणाऱ्या सगळ्याच बायका 'उत्तम'. ज्या माणसाला पाठीचा मणका दुखतो म्हणून रात्री कुशीवर वळता येत नाही, त्यालाही कागद उत्तमच म्हणतो. ही मापं खुर्चीत बसून काम करणाऱ्यांना हलवण्यासाठी केलेली आहेत आणि त्यासाठी ती चांगली आहेत. आमच्या वेचणीवाल्या बाईला हालचाल वाढवायची गरज नाही, तिला दुपारी तासभर पाठ टेकायला आणि रात्री वरणाची वाटी हवी आहे.

शिवाय ती प्रश्नावली सलग दहा मिनिटं चाललेलं कामच धरते. घरातली बाई दहा मिनिटं सलग कशातच नसते. पाण्याचा गुंड, मग चूल, मग लेकरू, मग शेळीला पाला, पुन्हा चूल. सगळं तुकड्या-तुकड्यानं, आणि सगळं मोजणीबाहेर.

'साधारण आठवडा' हा शब्द तर आमच्याकडे लागूच होत नाही. कार्तिकातला आठवडा आणि वैशाखातला आठवडा ही दोन वेगळी आयुष्यं आहेत. म्हणून मॅडमना विनंती करून मी उन्हाळ्यात दुसरी फेरी केली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, धसकटं वेचणं चालू, तेही सकाळी सहा ते दहा. मग ऊन. पुरुष बाजेवर, पोरं मोबाईलवर. बायका छपरीत शेवया, सरगुंड्या, पापड करायला बसलेल्या, हात चालूच. पावसाळ्यात निंदणाचे दिवस पूर्वी दीड-दोन महिने चालायचे, आता तणनाशकाच्या फवारणीनं ते बरेच कमी झालेत. सोयाबीन यंत्रानं निघतं. तरुण माणूस वावरापर्यंत मोटारसायकलनं जातो. कष्ट कमी झाले याचा मला आनंदच आहे, माझ्या आईची कंबर निंदणातच गेली. पण खाणं आणि कष्ट यांची जी जोडी होती ती पुरुषांत सुटली. त्यांचे कष्ट घटले, ताट तेवढंच राहिलं, वर संध्याकाळचा चौकातला समोसा आला. बायकांत ती जोडी कधी नीट जुळलेलीच नव्हती.

एक आजोबा मात्र विसरता येत नाहीत. त्यांनी मला सांगितलं, "मी बुढा मानूस, बसूनच रायतो." मी तसंच लिहिलं. तीन दिवसांनी पहाटे मला ते धुऱ्यावरून येताना दिसले, हातात काठी आणि बॅटरी. रात्री राखणीला गेले होते. वावर दोन किलोमीटरवर. दुपारी त्याच ओट्यावर बसून अंबाडीच्या वाखाचा दोर वळत होते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं, अशी एक सोपी चाचणी असते. त्यांनी ती त्यांच्या चाळिशीतल्या मुलापेक्षा चांगली केली. आजी मात्र दुसऱ्यांदाच थांबली. एकाच घरात, एकाच वयाची दोघं. आजीनं आयुष्यभर त्यांच्यापेक्षा कमी काम केलेलं नव्हतं. ती गंजाजवळ शेवटी बसलेली होती, चाळीस वर्षं.

चैत्रात अंगणवाडीच्या छपरीत बायकांना बोलावलं. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातलं दिवसाचं ताट समजावून सांगायचं होतं. धान्य २५० ग्रॅम, डाळ-कडधान्य ८५ ग्रॅम, भाज्या ४००, दूध ३०० मिलीलीटर. आकडे न सांगता मी काट्यावर तूर डाळ ओतली, ८५ ग्रॅम. बायका पुढे सरकून बघायला लागल्या. पाच माणसांचं घर म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन किलो. एकदम शांतता. मग एक काकू म्हणाल्या, "तूर आपनच पिकवतो, पौषात इकतो, अन् आखाडात दुकानातून दाळ आनतो. दोन पोते ठेवाले कोन मनाई केली?" तिच्या जावेनं लगेच सांगितलं कोण मनाई करतं ते. कर्ज, औषधाची उधारी, पोराची फी. अर्धा तास ती चर्चा चालली, मी फक्त ऐकलं. शेवटी जे ठरलं ते लहानच होतं आणि तेही त्यांचंच: वरण झालं की कुणाला वाढायच्या आधी सुनेची आणि सासूची वाटी काढून झाकून ठेवायची. त्या वहिनीच्या सासूनं ते घरी जाऊन मुलाला सगळ्यांदेखत सांगितलं.

प्रबंध छापून आला तेव्हा आषाढ लागला होता. एक प्रत घेऊन मी त्या सासूच्याच घरी गेले. धुऱ्यावर तरोटा उगवला होता, आजीनं तो खुडून आणला होता आणि दारात बसून निवडत होती. प्रत हातात घेऊन तिनं उलटीपालटी केली.

"यात माहं नाव कुठं हाय?"

मी सांगितलं की नावं छापत नाहीत, प्रत्येकाला नंबर असतो. तिचं पान काढून दाखवलं. घर क्रमांक २३, वयोगट तिसरा.

"वाचून दाखव."

मी वाचलं. सकाळी चहा, पोळी अर्धी. दुपारी भात, वरणाचं पाणी. रात्री पाऊण भाकर कुस्करून, वांग्याचा रस्सा. आजी ऐकत होती, हात तरोट्याच्या पानांवर चालू होते.

"ठेचा नाई लिवला," ती म्हणाली. "त्या दिशी दुपारी ठेचा होता. सुनेनं शेंगदाने बारीक कुटून टाकले होते माह्यासाठी, दात नाई म्हनून."

मी पेन काढलं आणि समासात लिहिलं: दुपारी ठेचा, शेंगदाणे घालून, सुनेनं केलेला. आजीनं वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि किती चमचे तेही सांगितलं.